पोचूच्या बायकोचं कपाळ

बल्लारपुरात मुरमुरे विकणारी सुगंधाबाई तोंडाची फटकळ. भल्याभल्यांना ती दारात उभं राहून सुनवायची. पण १९५० साली बापूजी ठेकेदाराने असा काही प्रकार केला, की तिचेही शब्द अपुरे पडले.

त्या वर्षी नदीपलीकडे तेलंगणात कम्युनिस्टांच्या सशस्त्र बंडाचा धुमाकूळ चालला होता आणि तिकडून पोट भरायला आलेल्या मजुरांवर इकडेही संशय होता. एका सकाळी शिपायांनी तेलगू वस्तीतले बरेच बापये उचलले. त्यात सुगंधाबाईच्या शेजारचा पोचू गेला. त्या गरीब माणसाने जन्मात कुऱ्हाड चालवली ती सागाच्या ओंडक्यावर! पण ऐकतो कोण? त्याला आगगाडीत घालून वारंगलकडे परत धाडलं. बायको राजव्वा आणि दोन लेकरं इथेच राहिली. त्याला आणखी कुठे हलवायच्या आत गाठलं तर ठीक, नाहीतर नवरा कायमचा हरवला, हे राजव्वाला कळत होतं. गाडीभाड्याला मात्र फुटकी कवडी नव्हती. सुगंधाबाई लेकरांना मुरमुरे देऊ शकत होती, तिकीट कुठून देणार?

अशात बापूजीने मदत समिती काढली. त्याच्या लाकडाच्या आगारात मंडप पडला, नागपूरचे दाते येणार म्हणून हार सांगितले गेले. मग वस्तीत त्याचा निरोप आला. मदत निराधार बायांसाठी आहे, तेव्हा बायांनी कुंकू पुसून, जोडवी काढून रांगेत बसावं. भरलेलं कपाळ दिसलं की दात्यांचा हात सैल सुटत नाही म्हणे! नवरे जिवंत, आणि हा मेला झोपाळ्यावर बसल्याबसल्या त्यांना मारून मोकळा. सुगंधाबाईला ऐकूनच किळस आली.

तरी लेकरांकडे पाहून ती राजव्वाला म्हणाली, "दोन घंट्याची गोष्ट हाय वं. पूस, पैसे घे, मंग लाव पुन्हा."

राजव्वा मागे सरली. "माणूस जिता हाय, अक्का. मी कशी पुसू?"

सुगंधाबाईला स्वतःच्याच जिभेची शिसारी आली. तिचा स्वतःचा नवरा वारला त्या दिवशी बायांनी धरून तिचं कपाळ पुसलं होतं. त्या अंगठ्यांचा दाब ती अजून विसरली नव्हती, आणि आज तीच दुसरीला पूस म्हणून सांगत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "माह्यं कपाळ रिकामंच हाय. तुह्या जागी मीच जातो."

बोलून गेली खरी, पण जीव टांगणीला लागला. वर्षानुवर्षं ती बापूजीच्या ओट्यावर बसून मुरमुरे मापून देत होती. त्याने ओळखलं तर राजव्वाचं जाणं बुडालंच. मंडपात रांगेतल्या बायांनी सरकून तिला जागा दिली. कुणाकुणाच्या कपाळावर घाईने पुसल्याचा लाल डाग तसाच होता.

"पोचूची बायको!" पुकारा झाला.

ती उठली. बापूजी हातभर अंतरावर होता. त्याने तिचा पदर मागे करायला लावला, रिकामं कपाळ निरखलं आणि दात्यांकडे वळून आवाज ओला केला. "पाहा मंडळी, ही अभागिनी! हिचे आसू मी रोज पाहतो."

पाकीट तिच्या हातात पडलं. ओळखलं नाही म्हणून तिला हायसं वाटायला हवं होतं, पण ती मनाशी पुटपुटत बाहेर पडली. रोज पाहतो म्हणे!

संध्याकाळच्या गाडीने राजव्वा लेकरं घेऊन निघाली. कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई नेहमीसारखी बापूजीच्या ओट्यावर मुरमुरे मापत बसली. बापूजी पान चघळत म्हणाला, "काल काऊन नाई आली, सुगंधाबाई? समदं गाव होतं. गरिबाची थोडी तरी कळकळ पायजे माणसाले."

"आली व्हती नं बापूजी. तुमीच तं माह्या हाती पाकीट देल्लं."

बापूजी खो खो हसला. बाईची थट्टा त्याला भलतीच आवडली. बायकोलाही ऐकवावी म्हणून त्याने आत हाक मारली.

सुगंधाबाईने मापलेले मुरमुरे पुन्हा टोपलीत ओतले, टोपली डोक्यावर घेतली आणि त्याच्या सारवलेल्या ओट्यावर पचकन थुंकून चालू पडली.