आज कोण आलं नाही?

“आज कोण आलं नाही?”

चर्चची उपासना संपली, की आमच्या पाळकसाहेबांचा हा एकच प्रश्न. झगा उतरवता उतरवता रिकाम्या खुर्च्यांकडे बघायचे आणि सोमवारपासून त्या त्या माणसाच्या घरी हजर. झालं नियोजन!

नव्वदीतली गोष्ट. नेरुळला एका शाळेचा हॉल रविवारपुरता भाड्यानं घेऊन आमची ख्रिस्ती मंडळी जमायची. बहुतेक नगरकडचे, नोकरदार. मी कमिटीचा चिटणीस.

आमच्यातल्या एक म्हाताऱ्या मावशी जासईला लेकीकडे अंथरुणाला खिळून होत्या. दर गुरुवारी पाळकसाहेब एसटीनं त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस द्यायला जायचे.

“अहो साहेब, एका म्हातारीसाठी एवढी यातायात?” मी एकदा विचारलं.

“एक का असेना, वाट बघते ना?”

मग कमिटीला अवदसा आठवली. अध्यक्ष कुठलंसं शिबिर करून आले आणि पंचवार्षिक योजना मांडली. पडद्यावर बाणच बाण, सात उपसमित्या! पाळकसाहेबांनी चष्मा वर सारून सगळं नीट बघितलं. “छान आहे. यात मावशींकडे कोण जाणार?”

अध्यक्ष हसले. “ते भेटी उपसमिती ठरवेल. तुम्ही टेन्शन घेऊ नका, फक्त मीटिंगला या.”

आणि मीटिंग कधी? गुरुवारी!

तीन गुरुवार त्या माणसाला बसवून ठेवलं. ध्येयवाक्यात ‘वाढ’ लिहायचं की ‘विस्तार’, यावर दीड तास! लाज कशी वाटली नाही आम्हाला? तिसऱ्या गुरुवारी ते उठले. “मावशींचं जास्त झालंय, निरोप आलाय. मी निघतो.”

“साहेब, एवढा ठराव होऊ द्या,” मी म्हणालो. भिडस्त माणूस, बसला बिचारा. ते जासईला पोचले तेव्हा मावशी जाऊन अर्धा तास झाला होता.

दफनविधी आटोपल्यावर लेकीनं त्यांना गाठलं. “आई सारखी दाराकडे बघत होती. तीन गुरुवार कुठं होता, साहेब?”

मी शेजारीच उभा होतो. आता आमचं नाव घेतील म्हणून अंग चोरलं.

“चुकलं माझं, बाळा,” एवढंच ते म्हणाले.

महिन्याभरात कमिटीनं त्यांची बदली मागितली. अर्जात कारण काय दिलं असेल? ‘पाळकसाहेब आजाऱ्यांना वेळेवर भेटत नाहीत.’ नालायकपणालाही काही हद्द असते!

तो अर्ज मी लिहिला. सुवाच्य अक्षरात.