डावी चप्पल

आमच्या हॉस्टेलसमोर तर्री-पोह्यांची गाडी लावणाऱ्या बाईचा एक अजब नियम होता. मुलगी एकटी आली, की ती पोहे द्यायची आणि तिची डावी चप्पल ठेवून घ्यायची. चप्पल झटकून, फडक्याने पुसून, कांद्याच्या पोत्याशेजारी नीट मांडायची. सगळ्या तिला वेडी म्हणायच्या आणि प्लेट मात्र चाटूनपुसून खायच्या.

मी सतरा वर्षांची होते. मैत्रिणींनी बोलणं टाकलं होतं आणि उद्याचा दिवस उजाडूच नये असं वाटत होतं. अशीच एकटी गेले, तर बाईने हात पुढे केला.

“चप्पल काढ वं. उद्या येऊन घेऊन जाजो.”

“काहून पण?”

“एकटी पोरगी नाही आली तं कोणाले समजत नाही. चप्पल पडून राहिली तं मले समजते.”

भर रस्त्यातून मी एका चपलेने लंगडत परतले. हॉस्टेलच्या जिन्यावर एक अनोळखी मुलगी बसली होती. तिच्याही फक्त उजव्या पायात चप्पल होती. आम्ही एकमेकींच्या पायांकडे पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी मला हसू फुटलं.

“उद्या किती वाजता जायचं आणाले?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “साडेआठले.”