यामाशिता पार्क, दोन आज्या आणि एक रेवा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. योकोहामाच्या यामाशिता पार्कमध्ये गुलाब नुसते ओसंडून फुलले होते, समोर समुद्र, जो तो फोटो काढत होता... आणि मी एका बाकावर बसून विहीणबाईंवर जळत होते. सरळच सांगते, उगाच आडपडदा कशाला.

मुलं परदेशात असलेल्या पुणेकरांना आमची ड्यूटी माहीत असेल. सून ऑफिसला रुजू झाली, नातीला पाळणाघरात जागा मिळायला वेळ होता. म्हणून आधी सुनेच्या आईने तीन महिने जायचं, त्यांचा व्हिसा संपत आला की मी. मधले चार दिवस आम्ही दोघी एकत्र.

बाळंतपणालाही त्याच गेल्या होत्या, कारण नेमकं तेव्हाच माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्यामुळे दीड वर्षाच्या रेवाला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. फोनवर मला पाप्या देणारी पोर... मी समोर आले तर विहीणबाईंच्या ओढणीत तोंड खुपसून बसली.

मी मऊभात भरवला की थू. त्याच वाटीतला तोच भात त्यांनी भरवला की हा एवढा मोठा आ. बरं, मला वाईट वाटू नये म्हणून त्या म्हणायच्या, "तिला भूकच नव्हती हो मघाशी." त्याने तर आणखीच आग व्हायची.

तशा आम्ही दोघी पुण्याच्याच. त्या एका टोकाला मांजरीत, मी दुसऱ्या टोकाला वारज्यात... म्हणजे गाठभेट कार्यातच, तीही 'या की एकदा' एवढ्यापुरती. इथे मात्र दोन खोल्यांच्या घरात समोरासमोर. त्यात बाईंना तिथलं सगळं येत होतं. कुठल्या मशीनमधून गरम चहाची बाटली मिळते, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा... पार्कमधल्या जपानी आज्या त्यांना ओळखून वाकून नमस्कार करायच्या. मला कोणी वाकून नमस्कार केला की मी मागे वळून बघायचे, कोणाला केला म्हणून.

तर त्या दिवशी माझा मुलगा पार्कची माहिती सांगत होता. शंभरेक वर्षांपूर्वी इथे मोठा भूकंप झाला, पडलेल्या घरांचा राडारोडा समुद्रात टाकून ही जमीन केली... पलीकडचा तो घुमट इथल्या भारतीय लोकांनी नंतर बांधून दिला, वगैरे. मी हो का, हो का म्हणत होते. लक्ष सगळं रेवाकडे, ती अर्थातच त्यांच्या मांडीवर.

आणि अचानक विहीणबाईंनी तिला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "बघा हो जरा, आलेच," म्हणाल्या आणि तरातरा त्या घुमटाकडे चालायला लागल्या. रेवाने जो काय भोंगा पसरला... बाईंनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

मला इतका राग आला म्हणून सांगू. माझी चारचौघांत फजिती बघायची होती ना, घ्या बघून. मुलगा तिला घ्यायला उठला, तर सुनेने त्याला खाली बसवलं. म्हणाली, "आईने सांगितलंय, कितीही रडली तरी आज आजींकडून कोणी घ्यायचं नाही."

मग काय, उठले. तो नवा गुडघा, त्यात कडेवर लाथा झाडणारी पोर... कठड्याकडेने चालत राहिले. तिथे एक जुनं जहाज कायमचं बांधून ठेवलंय. त्याच्या साखळीवर ते समुद्रपक्षी ओळीने बसले होते. मी म्हटलं, बघ बघ, पांढरे काऊ. सगळ्यांनी अंघोळी केल्यात... तुझीच अंघोळ राहिलीय.

रेवाने हुंदका अर्ध्यात थांबवला. काऊंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि खांद्यावर डोकं टेकलं. ओलं, शेंबडं, गरम. माझा ब्लाउज भिजला आणि मला कोण आनंद झाला.

आता माझा स्वभाव बघा. पहिला विचार काय आला, तर चला, विहीणबाईंना दाखवू या. मिरवतच गेले घुमटापाशी. त्या खांबाआड पाठमोऱ्या उभ्या होत्या, ओढणीचा बोळा तोंडाशी धरून. आमची चाहूल लागली तशा वळल्या, डोळे लालभडक. रेवाने त्यांना बघितलं आणि पुन्हा माझ्या मानेत तोंड घातलं.

चार दिवस मला हेच तर हवं होतं. मिळालं, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"झालं एकदाचं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मी गेल्यावर रडली असती तर तिलाही कोणी नव्हतं आणि तुम्हालाही. आज आम्ही सगळे आहोत तर रडून घेऊ दे, म्हटलं." मग म्हणाल्या, "पण खरं सांगू का ताई... हेवा वाटतोय हो तुमचा."

"अहो, मग मी चार दिवस दुसरं काय करतेय?" मी म्हटलं. त्या रडता रडता हसल्या. मी रेवाला त्यांच्याकडे द्यायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतले. "नको, उद्या निघायचंय मला."

यथावकाश माझेही तीन महिने संपले, मीही परत आले. रेवा आता पाळणाघरात जाते. गेल्या आठवड्यात मुलाने ग्रुपवर व्हिडिओ टाकला... दारात पाळणाघरातल्या बाई उभ्या, आणि आमची रेवा बापाचा हात सोडून धावत जाऊन त्यांना बिलगली. मागे वळून बघणं नाही, टाटा नाही.

मिनिटभरात विहीणबाईंचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "बघितलंत?"

"बघितलं."

"केवढी पळाली हो..."

मग आम्ही दोघींनी मिळून त्या बिचाऱ्या बाईंना अर्धा तास नावं ठेवली. त्यांचा एप्रन, त्यांचं हसणं, पोरीला उचलायची पद्धत... एकही गोष्ट सोडली नाही. शेवटी विहीणबाईच हळूच म्हणाल्या, "पण रडत नाही ना पोर तिथे." खरं आहे. त्याबद्दल त्या बाईंचे मनापासून आभार मानायला हवेत.

मानू की... आधी आम्हा दोघींचं जळून होऊ दे.