आकाशपाळण्यावरची हाक

पार्क अजून लांब होतं. वारंगा फाट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना तूर आणि कापूस उभा होता. नवरा गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी आमची दुसरीतली पोरगी काचेला नाक लावून बसली होती, आणि मागच्या सीटवर मी आणि माझी माय. मध्ये मायची पिशवी. एवढ्यात मायनं डोक्यावरचा पदर पार भुवयांपर्यंत ओढला आणि मान माझ्याकडं फिरवली. मी तिच्या पलीकडच्या काचेतून बघितलं. तुरीच्या शेंड्यांच्या वर, लांबवर, एक मोठं चाक उभं होतं. अजून फिरत नव्हतं.

घोळ झाला, हे मला तेव्हाच कळलं. मी मोबाइलवर त्या पार्कचे झाडून सगळे फोटो बघून घेतले होते. पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, सिमेंटचा जिराफ होता, डरकाळी फोडणारा डायनासोर होता. पाळणा कुठंच नव्हता. असता तर मी मायला आणलंच नसतं. पण दिवाळीची सुट्टी लागली तशी पोरीनं हट्ट धरला, आजी येणार नसेल तर मी पण येणार नाही, आणि माय विरघळली. "पान्याचंच हाये ना बाई? पाळणा-बिळणा न्हाई ना?" असं तिनं निघताना परत विचारलं होतं. मी छातीठोकपणे नाही म्हणाले होते.

आमचं गाव शिरड शहापूर. मला एक धाकटा भाऊ होता. मी चौथीत होते तेव्हा तो पहिलीत होता. महाशिवरात्रीला आम्ही चौघं औंढ्याच्या जत्रेला गेलो, आणि त्याला पाळण्यात बसायचंच होतं. दादा, म्हणजे आमचे वडील, त्याला घेऊन बसले. माय आणि मी खाली गोडीशेव खात उभ्या राहिलो.

पाळण्याची एक पेटी खाली आली की चाक थांबवतात, माणसं उतरवतात, नवी बसवतात. तोवर वरचे वरच लोंबकळत राहतात. दादा आणि तो अगदी टोकाला असताना चाक थांबलं. त्यानं वरून हाक मारली, "माय!" मायच्या तोंडात घास होता. तिनं हसून हात हलवला. त्यानं परत हाक मारली, मग परत. आम्हाला वाटलं, मजेत ओरडतोय. खाली आला तेव्हा चड्डी ओली होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तेवढ्यात गावाकडं जाणाऱ्या जीपवाल्यानं हॉर्न सुरू केला. ती जीप चुकली असती तर रात्र औंढ्यातच काढावी लागली असती. दादांनी त्याला खांद्यावर टाकलं आणि आम्ही पळत सुटलो.

आमच्याकडं लेकरू कुठं दचकलं, पडलं, तर त्या जागेवरून निघताना आई मागं वळून त्याचं नाव घेऊन हाक मारते. चल बाळा, घरी चल, म्हणते. लेकरू कडेवर असलं तरी हाक मारायचीच. नाहीतर म्हणे लेकरू तेवढं घरी येतं आणि त्याचा जीव तिथंच घुटमळत राहतो. माझ्यासाठी मायनं अशा किती हाका मारल्या असतील, विहिरीजवळ, पांदीच्या वाटेवर, मावशीच्या गोठ्यात जिथं बैलानं मला हुंदाडलं होतं. त्या दिवशी मात्र जीपच्या घाईत तिची हाक राहून गेली.

त्याच रात्री त्याला ताप भरला. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर मेंदूज्वर म्हणाले. तो घरी परत आला नाही.

दादा मरेपर्यंत मायला समजावत राहिले की त्याचं अंग जत्रेच्या आदल्या दिवसापासूनच कोमट होतं. माय मान डोलवायची. "व्हय, डॉक्टर बराबरच बोलले असतील." आणि मग भाकरी थापता थापता मला हळूच म्हणायची, "पण लेकरू वरच राह्यलं ना बाई."

त्यानंतर तिनं त्याचं नाव घेतलं नाही. माझ्या चुलतभावाचं तेच नाव आहे, त्याला ती 'धाकला' म्हणते, आणि तोही बिचारा त्या नावाला ओ देतो. दादा गेल्यावर ती आमच्याकडं हिंगोलीला राहायला आली. दसऱ्याला इथं मैदानावर मोठं प्रदर्शन भरतं, पाळणे उभे राहतात. तेवढे दिवस माय घराबाहेर पडत नाही. गच्चीवर वाळत घातलेली डाळ भिजली तरी गच्चीवर जात नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. लिंबू-मिरची बांधणाऱ्या, लेकराला ताप आला की दृष्ट काढत बसणाऱ्या पालकांना मी चारचौघांत झापलेलं आहे. या विषयावर माझं डोकं फार लवकर तापतं. पण खरं सांगायचं तर लहानपणी माझीही झोप त्या पाळण्यानंच उडवली होती. रात्री पाऊस आला की मला वाटायचं, त्याच्या पेटीला छत आहे का नाही? विषाणू, ताप, मेंदू, सगळं शिकून झालं, शिकवूनही झालं, तरी पाऊस आला की तो प्रश्न अजून पडतो. मायला हे मी कधी सांगितलेलं नाही.

तर त्या दिवशी परत फिरावं असं मला वाटलं, पण पोरगी "पाळणा! पाळणा!" करून सीटवर उड्या मारत होती. माय म्हणाली, "चला आता. लेकराचा हिरमोड नगं."

फाटकावर मिशाळ रखवालदारानं तिची पिशवी उघडली. आत दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. घरचं खाणं आत न्यायला बंदी होती.

"काहून?" माय म्हणाली. "इख हाये का त्यात?"

"नियम आहे, मावशी."

"मग तू खा. फेकायचं न्हाई." असं म्हणून तिनं डबा त्याच्या हातात दिला आणि आत निघाली. तो बिचारा नियम आणि ठेचा दोन्ही हातात घेऊन उभा राहिला.

दिवस तसा मजेत गेला, हे मी नाकारत नाही. भाड्याचे नायलॉनचे कपडे घालून आम्ही तिघं पाण्यात उतरलो. नवरा घसरगुंडीवर मध्येच अडकला आणि मागून आलेल्या कुणाच्या तरी धक्क्यानं एकदम पोतं पडावं तसा पाण्यात पडला. पोरगी हसून हसून खोकायला लागली. कृत्रिम लाटांचा भोंगा वाजला की सगळं पार्क किंचाळत त्या हौदाकडं धावायचं. जेवायला पावभाजी घेतली. मायनं पावाचा तुकडा बुडवून बघितला आणि म्हणाली, "यात भाजी कोनची हाये, तेवढं तरी कळू द्या." तरी तिनं दोन पाव खाल्ले.

पण दिवसभर ती पाळण्याकडं पाठ करूनच बसली होती. सकाळी तिनं लेकरांच्या उथळ हौदाच्या काठावर एक बाक हेरला आणि पाण्यात पाय सोडून बसली. दुपारपर्यंत ठीक होतं. मग ऊन कललं, पाळणा सुरू झाला आणि त्याची सावली तिच्या समोरच्या फरशीवर येऊन फिरायला लागली. एकेक पेटी फरशीवरून सरकत यायची आणि तिच्या पायांवरून जायची. माय उठली, दुसऱ्या बाकावर गेली. थोड्या वेळानं सावली तिथंही आली.

शेवटी पोरगी आलीच. "मम्मी, आता पाळणा."

"नगं," माय म्हणाली. पोरीकडं न बघता, माझ्याकडं बघून. "बाई, तेवढा नगं."

आणि माझं डोकं फिरलं. दिवसभराची ती पाठ, तो पदर, ती सावली, सगळं एकदम अंगावर आलं. मी म्हणाले, "माय, बस झालं आता. त्याला ताप होता. पाळण्यानं माणूस मरत नाही. हिनंही काय जन्मभर असंच तोंड फिरवून बसायचं का?" नवरा कपडे परत करायला गेला होता, नाहीतर त्यानं मला थांबवलं असतं. मी पोरीचा हात धरला आणि तरातरा निघाले. मायनं परत पाठ केली.

पहिल्या दोन फेऱ्या पोरगी नुसती चिवचिवत होती. मग चाक थांबलं. आम्ही टोकाला होतो.

खाली माणसं बसवणं सुरू होतं. वर वारा होता आणि आमची पेटी कुरकुरत होती. लांब महामार्गावर ट्रक चालले होते, त्यांचा आवाज येत नव्हता. खाली हौदाच्या काठावर मायची हिरव्या लुगड्यातली पाठ दिसत होती, एवढीशी. मी आयुष्यात पहिल्यांदाच पाळण्यात बसले होते. इतकी वर्षं मनात ज्या जागेवर मी त्याला बसवून ठेवलं होतं, तिथं आता मी बसले होते. आमच्या समोरची पेटी रिकामी होती आणि ती आमच्यापेक्षा जरा जास्तच हलत होती. वाऱ्यानं हलत असणार.

पोरीचं हसू बंद झालं. तिनं माझा दंड पकडला. "मम्मी, खाली जाऊ." मला तिला धीर द्यायचा होता, पण आवाज फुटेना. मग ती दांड्याला धरून खाली ओरडली, "आजी!"

मायची पाठ हलली नाही.

"आजी!" या वेळी तिच्या आवाजात रडू होतं. मला वाटलं, नको, तिसऱ्यांदा हाक मारू नकोस. तिनं मारली.

माय उठली. वळली. कपाळावरचा पदर मागं टाकून तिनं मान वर केली आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाळण्याकडं बघितलं.

"ओ!" ती ओरडली. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा तिचा जुना आवाज. "ओ! मी हाये! हितंच हाये!" खालची माणसं तिच्याकडं बघायला लागली. ती थांबेना. चाक सुरू होईपर्यंत ओ देत राहिली, आणि आम्ही खाली उतरून तिच्यापुढं उभ्या राहिलो तरी तिची मान वरच होती.

पोरगी पाचव्या मिनिटाला गोळा मागत होती. मायच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, तू केवढ्यानं ओरडलीस!" माय तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. माझा रागही गेला होता आणि त्या जागी काय आलं होतं ते मला कळत नव्हतं.

निघेपर्यंत पाळण्यावरचे दिवे लागले होते. रखवालदारानं डबा परत दिला, घासून रिकामा केलेला, आणि ठेच्याचं कौतुक केलं. आम्ही फाटकाबाहेर आलो. माय मागं राहिली. ती फाटकात उभी राहून मागं वळली, तोंडाशी हात धरला आणि नाव घेऊन हाक मारली.

माझ्या भावाचं नाव. तिच्या तोंडून ते मी चौथीत असताना शेवटचं ऐकलं होतं.

"चल रे बाळा," ती म्हणाली. "चल घरी. लई वेळ झाला."

मी वाट बघत राहिले. आता ती माझ्या पोरीचं नाव घेईल. तीही दचकली होती ना आज, तीही रडली होती. पण मायनं पदर सारखा केला आणि गाडीकडं चालायला लागली. तिची हाक मारून झाली होती.

मला भीती वाटली. पोरगी वरच राहिली तर? ताप, विषाणू, मेंदू, सगळं मला पाठ होतं आणि त्यातलं काहीही कामाला येत नव्हतं. मी त्या दिव्यांच्या चाकाकडं तोंड केलं आणि माझ्या पोरीचं नाव घेऊन हाक मारली. चांगली मोठ्यानं.

"मी इथंच आहे की, मम्मी," ती म्हणाली. तिनं माझं बोट धरलेलं होतं.

"माहीत आहे मला," मी म्हणाले.

नवरा दोघींकडं बघत राहिला, पण शहाणा माणूस आहे, गाडी सुरू करायला गेला. पोरगी पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपली. मी मागं माझ्या जागेवर बसले. माय आत आली, मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "सरक ग बाई जराशी."

पिशवी काढल्यावर मध्ये आणखी एक माणूस आरामात बसेल एवढी जागा झाली होती. तरी मी दाराला टेकून बसले. हिंगोलीपर्यंत पिशवी मायच्या मांडीवरच होती आणि ती तिच्यावर हात ठेवून, खिडकीबाहेर न बघता, मधल्या सीटकडं बघत होती.

घरी पोचल्यावर माय उतरली आणि पायऱ्या चढून आत गेली. पोरीला उचलून नवराही गेला. गाडीचं दार माझ्याच हातात राहिलं. एरवी दार उघडं ठेवलं की मी घरादारावर ओरडते. त्या संध्याकाळी मी दार धरून उभी राहिले, एका पहिलीतल्या पोराला उतरायला लागेल तेवढा वेळ, आणि मग लावलं.