मोडलेली करवंदीची डहाळी

फोटो इतका स्वच्छ होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. बुलबुलाची तीन पिल्लं, चोची वासलेल्या, अंगावर लख्ख ऊन. सातवीतल्या सानिकाने शाळेमागच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, सकाळी मोबाइलवर काढलेला.

देवरूखजवळच्या त्या शाळेत मी तीन दिवस निसर्ग-फोटोग्राफी शिकवत होतो. एरवी मी लग्नांचे फोटो काढतो. मुलांनीच फोटो काढायचे, मजकूर त्यांनीच लिहायचा आणि त्यांचा डिजिटल अंक तीन वाजता पालकांच्या मोबाइलवर पाठवायचा, असं ठरलं होतं.

"कव्हरला हाच," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

कव्हरचा फोटो मी आधी शंभर टक्क्यांवर बघतो. म्हणजे स्क्रीनवर एवढा मोठा करायचा की कुठे हलला असेल तर कळावं. कोपऱ्यात करवंदीची डहाळी दिसली. मोडलेली. टोकाला पांढऱ्या चिकाचा ताजा थेंब.

"सानिका, ही कुणी मोडली?"

"मीच सर. पानं आड येत व्हती."

"घरट्यावरची मोडलीस?"

"तुमीपण काल जास्वंदीसमोरचं पान काढलंत ना."

उद्धटपणा नव्हता त्यात. शिकवलेलं सांगत होती.

फोटो पुन्हा पाहिला. पिल्लं खायला मागत नव्हती, उन्हाने धापा टाकत होती. फोटो साडेदहाचा. घड्याळात बारा वाजून गेले होते.

"बाई, अंक थांबवा," म्हटलं आणि सुतळी घेऊन पळालो. सानिका माझ्या पुढे. बाई कुरकुरत, पण छत्री घेऊन मागून आल्या.

एक पिल्लू मान टाकून पडलं होतं. बाईंनी मुकाट्याने घरट्यावर छत्री धरली. मी आणि सानिकाने शेजारच्या डहाळ्या ओढून सुतळीने वर बांधल्या. काट्यांनी हात सोलले. मग लांब आंब्याखाली जाऊन बसलो, कारण आम्ही तिथे असेपर्यंत आई येणार नव्हती.

"सर, येल ना ती?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खोटं बोलवेना.

बुलबुल विजेच्या तारेवर आली. गेली. बाईंचा फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. बऱ्याच वेळाने ती पुन्हा आली, चोचीत अळी घेऊन. करवंदीच्या जाळीत शिरली आणि आतच राहिली. सानिका तेव्हा रडली. मीही रडायच्या बेतात होतो.

मान टाकलेलं पिल्लू मात्र वाचलं नाही.

तो फोटो सानिकाने स्वतःच डिलीट केला. अंक साडेपाचला गेला. कव्हरवर तिनेच लांबून काढलेली सुतळी बांधलेली जाळी, पक्षी एकही नाही. खाली तिने लिहिलं होतं, "आत घरटं आहे. त्याच्यावरची डहाळी मी मोडली होती."

"सरांचं बघून, असंही लिही," मी म्हणालो. तिने लिहिलं.

आता कार्यशाळेत पहिला अख्खा दिवस मी मुलांना हात पाठीमागे बांधून नुसतं बघायला लावतो. पालकांना वाटतं, सर शिस्तीचे आहेत.