गेरूच्या रेघा

आमच्या वाचनालयाच्या मागच्या भिंतीला एक भेग होती. लहानपणी तिच्यात माझी बोटं जायची, कॉलेजात गेले तेव्हा अख्खा हात जाऊ लागला. हात वाढला तरी भेगेत मावत होता, म्हणजे भेग माझ्यापेक्षा भराभर वाढत होती. हे मी बाबांना ऐकवायचे आणि बाबा न ऐकल्यासारखं करून वर्तमानपत्रं काठीला लावत बसायचे.

इमारत मूळची राजांच्या काळातली दगडी धर्मशाळा. शहराच्या महाल नावाच्या जुन्या भागात, नाग नदीच्या अगदी काठावर. बाबा तिथले ग्रंथपाल, झाडूवाले आणि चौकीदार असे तिन्ही होते, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. श्रावणात नदी फुगली की पाणी त्या भेगेतून आत यायचं. मग मोहल्ल्यातली माणसं रांग करून पुस्तकं हातोहात माळ्यावर चढवायची. पाणी ओसरलं की ते जिथवर आलं होतं तिथे बाबा भिंतीवर गेरूची रेघ ओढायचे आणि शेजारी साल लिहायचे. अशा सात-आठ रेघा होत्या. सर्वांत वरची माझ्या खांद्याला लागायची.

बाबांचा एक स्वभाव होता. आपल्या घरातलं उणं पाहुण्याच्या नजरेला पडू द्यायचं नाही. कान तुटलेला कप आई स्वतःसाठी ठेवायची, पाहुण्याला तो कधी दिसला नाही. मीही तशीच झाकून ठेवण्याची वस्तू होते. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला, चालताना मी एका बाजूला झुकते. मला बघायला कोणी येणार असलं की ते दारात पोचायच्या आत मला सतरंजीवर बसवलं जायचं आणि आई माझ्या निऱ्या पायावर नीट पसरायची. पाहुणे जाईपर्यंत मी उठायचं नाही. मग बाहेरचं कुणीतरी त्यांना माझ्या पायाचं सांगायचं आणि आठ दिवसांत नकाराचं पोस्टकार्ड यायचं. नकाराचं मला फारसं काही वाटत नसे. राग यायचा तो सतरंजीचा.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा बातमी आली, की जुन्या ऐतिहासिक इमारतींना पुरापावसापासून वाचवण्यासाठी सरकार अनुदान देणार आहे. नदीच्या बाजूला भिंत बांधून मिळाली असती, भेग बुजवून मिळाली असती. नाहीतर पुढच्या एखाद्या पुरात मागची भिंत बसणार, हे सांगायला इंजिनियर नको होता. माझं अक्षर चांगलं म्हणून अर्ज मी लिहिला. ‘भिंतीस मोठी भेग पडली असून’ असं मी लिहिलं, तर बाबांनी ‘किंचित ओल येते’ असं करायला लावलं. आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी ‘भेग’ राहिली, ‘मोठी’ गेली.

महिन्याभराने पत्र आलं, की साहेब पाहणीला येतील. झालं. घरात जणू स्थळ यायचं होतं. सगळा मोहल्ला कामाला लागला. कोणी चुना आणला, कोणी नीळ, कोणी शिडी. भेगेत ताग कोंबून वरून चुन्याचा गिलावा झाला, त्यावर दोन हात पांढरे. गेरूच्या रेघाही गेल्या. एवढ्यावर न भागता भेगेसमोर गॅझेटचं कपाट सरकवलं. मी म्हटलं, अहो, साहेब भेग पाहायला येताहेत. बाबा म्हणाले, आल्या माणसाला पडकं घर दाखवतात का? त्यांना खरंच तसं वाटत होतं, त्यात लबाडी नव्हती.

साहेब जीपमधून आले. पुण्याकडचे, तरुण, नम्र. दारात रांगोळी, टेबलावर पोहे. बाबांनी मला आधीच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, रजिस्टर घेऊन. साहेबांनी हॉलभर फेरी मारली, भिंतींकडे पाहिलं आणि मनापासून कौतुक केलं. अशी नीट राखलेली जुनी इमारत आपण पाहिली नाही म्हणाले. बाबा फुलून आले. मग साहेबांनी चहा संपवला, पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, “काका, अर्जात भेग लिहिलीय, पण तुमच्या इमारतीला काही धोका दिसत नाही. ज्यांच्या भिंती खरंच पडायला आल्यात, त्यांना आधी द्यावं लागेल.”

बाबांचा चेहरा मी आजही विसरले नाही. हसू तसंच राहिलं होतं, त्यातला माणूस तेवढा निघून गेला होता. काही बोलावं तर आपणच केलेलं उघडं पडतं, न बोलावं तर भिंत जाते. साहेब कागदावर वाकले.

मी उठले. परक्यासमोर मी आजवर उठले नव्हते. हॉल चांगला लांब होता, आणि मी सबंध हॉल माझ्या चालीने, डावीकडे झुकत, चालत गेले. फरशीवर चपलेचा आवाज मला फार मोठा वाटत होता. कपाटापाशी जाऊन मी खांदा लावला. ते काय हलणार होतं माझ्याच्याने?

“काय करून राहिली वं तू?” बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, भीती होती.

मी ढकलत राहिले. मग बाबा आले. एका बाजूने ते, एका बाजूने मी. कपाट सरकलं. बाबा आत जाऊन बादली आणि ओलं पोतं घेऊन आले आणि धुतलेल्या शुभ्र सदऱ्यावर पाणी उडवत भिंत घासू लागले. चुना चार दिवसांचाच होता. तो ओघळला, ताग बाहेर आला, आणि मग खालून एकेक करून गेरूच्या रेघा दिसू लागल्या.

“साहेब, मीच झाकलं होतं,” बाबा म्हणाले. “पाहुण्याले पडकं कसं दाखवाव, म्हणून. आता जसं हाय तसं पाहून घ्या.”

साहेबांनी भेगेत हात घातला, मनगटाच्या वर. सर्वांत वरच्या रेघेपाशी उभे राहून त्यांनी साल वाचलं. मग आधीचा कागद खोडून नवा घेतला आणि बराच वेळ लिहीत राहिले. त्या दिवशी मी बाबांवर जेवढं प्रेम केलं तेवढं आधी केलं नव्हतं.

अनुदान पुढल्या वर्षी आलं. नदीकडे भिंत झाली, भेग बुजली. त्यानंतरच्या श्रावणात पाणी बाहेरच्या भिंतीला लागून परत गेलं आणि बाबांचा गेरू डब्यातच वाळला.

त्याच हिवाळ्यात काटोलहून मला बघायला माणसं आली. संत्र्यांची टोपली घेऊन आली होती. बस चौकात थांबल्याचं कळलं तशी आईने सवयीने हॉलमध्ये सतरंजी अंथरली आणि मला हाक मारली. मी बसायला वाकले, तर बाबांनी सतरंजीचं टोक उचललं आणि ती गुंडाळायला लागले.

“आत जाय, बाई,” ते म्हणाले. “पाहुणे बसू दे. मंग चहा घेऊन चालत ये.”

मी चालत आले. थोडा चहा बशीत सांडला. पाहुणे माझ्या पायाकडे पाहत होते, आणि बाबा त्यांच्याकडे, मान ताठ ठेवून.