सरांच्या अंगणातलं पडलेलं झाड

सरावलीत माझी लाकडाची वखार आहे. शेजारचे सर हिमालयातल्या देवदाराच्या जंगलाचा वर्षानुवर्षं अभ्यास करतात. तिथे पडलेलं झाडही हलवत नाहीत, त्याचं कुजणं मोजत बसतात. वादळात त्यांच्या अंगणातला आंबा पडला, तेव्हा मी भाव सांगितला. सर उत्तराआधी इतका वेळ गप्प राहिले, की मीच दोनदा भाव वाढवला.

"नको. कुजू द्या त्याला."

घासाघीस न करता नाही म्हणणं म्हणजे माझा अपमान. तेव्हापासून मी सरांशी बोलत नाही.

सर पुन्हा जंगलात गेले. होळीआधी गल्लीतले लोक कुऱ्हाडी घेऊन त्यांच्या अंगणात शिरले.

"शेठ, पडलेलाच हाय, नेतो आमी."

"खबरदार!" मी वखारीतून ओरडलो. "अजून पुरता कुजला नाय तो!"